तात्यांना विचारा, छाटणी कधी घ्यायची

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. चार एकर बाग आहे, माल बहुतेक बेदाण्याला जातो. वडील ६९ वर्षांचे, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. मे महिन्यात मिरजेला तपासण्या झाल्या आणि लिव्हरचा कॅन्सर निघाला. पसरलाय. ऑपरेशन किंवा केमो झेपणार नाही, काही महिनेच हातात आहेत, असं डॉक्टर म्हणाले. तात्यांना आम्ही ‘लिव्हरला सूज आहे’ एवढंच सांगितलंय. त्रास नको म्हणून शेतीतलं काहीही त्यांच्या कानावर घालत नाही. औषधवाल्याची उधारी, मजुरांची भांडणं, सगळं मीच बघतो. आधी ते ओट्यावरून ओरडायचे, ‘डावण्या येईल, फवारणी कुठली घेतली?’ मी म्हणायचो, ‘तुम्ही आराम करा.’ आता महिना झाला, विचारतच नाहीत. परवा आईला म्हणाले, ‘ह्यांनी मला घरातला पाहुणा केलाय.’

मजूर त्यांच्यादेखत मला मालक म्हणतात तेव्हा ते मान वळवतात. आंघोळ मी घालतो, तेव्हा डोळे मिटून घेतात. खरं सांगायचं तर गेली पंधरा वर्षं त्यांना विचारल्याशिवाय मला एक फवारणीसुद्धा घेता आली नाही, याचा मला राग होता. आता सगळं माझ्या हातात आलंय तर रात्री झोप लागत नाही. आई दिवसभर गोळ्या आणि पथ्यपाण्यात असते. बायका तिला भेटायला येतात, तिच्या कपाळाकडे, बांगड्यांकडे बघून डोळ्याला पदर लावतात. ते तिला सहन होत नाही. बहीण कराडला दिली आहे, ती येऊन-जाऊन असते. माझा मुलगा दहावीला, सांगलीला होस्टेलला आहे. त्याला अजून काही सांगितलेलं नाही. त्याला घरी आणावं का? आम्ही कुठं चुकतोय?

— एक मुलगा, वय ४२

उत्तर:

नमस्कार.

पाहुण्याचं घरात सगळं नीट होतं. त्याला चहा मिळतो, गादी मिळते, त्याच्यावर कोणी आवाज चढवत नाही. फक्त घरातला कुठलाही निर्णय त्याच्यावाचून अडत नाही. तात्या आईंना जे म्हणाले ते किती नेमकं आहे बघा.

आजारानं त्यांच्या पायातली ताकद नेली, भूक नेली. पुढं आणखीही नेईल, ते आपल्या हातात नाही. पण बागेचं काय करायचं हे सांगण्याचा अधिकार आजारानं नेलेला नाही. तो तुम्ही काढून घेतलात. मायेपोटी घेतलात, पण घेतलात. हे मी स्पष्ट बोलतेय, कारण एवढी एक गोष्ट अजून परत देता येते आणि वेळ थोडा आहे.

बरे न होणाऱ्या रुग्णांच्या घरी जाणं हे माझं काम आहे. शेवटच्या महिन्यांत माणसं मरणाबद्दल बोलतात त्याहून कितीतरी जास्त आपल्या कामाबद्दल बोलतात. शिलाई मशीन कोणाला द्यायचं, भिशीचे पैसे कोणाकडे राहिलेत, सुनेला अजून मसाल्याचं प्रमाण जमत नाही. घरच्यांना वाटतं, यांचा जीव संसारात अडकलाय. मला तसं वाटत नाही. जे काम करत करत माणूस घडला, ते नीट सोपवून झाल्याशिवाय त्याला मोकळं वाटत नाही, एवढंच ते असतं. आणि सोपवायचं तर ते आधी त्याच्या हातात असायला हवं.

म्हणून सुरुवात छाटणीपासून करा. तुमचं पत्र सप्टेंबरअखेर आलंय, म्हणजे फळछाटणी तोंडावर आहे. लवकर घेतली तर परतीच्या पावसात डावण्या या बुरशीच्या रोगाची धास्ती, लांबवली तर पुढं थंडीचा त्रास. वर्षाचा सगळा हिशेब या एका तारखेवर असतो, आणि तुमच्या घरात ही तारीख आजवर तात्यांनी ठरवली आहे. उद्या सकाळी त्यांना जरा बरं वाटत असेल त्या वेळी बागेतल्या वेगवेगळ्या ओळींतून चार-पाच काड्या कापून आणा आणि त्यांच्या हातात द्या. सोबत कात्री द्या. ते सालीचा रंग बघतील, काप घेऊन आतला गाभा तपकिरी झालाय का ते बघतील. काडीवरच्या डोळ्यांच्या, म्हणजे कोंबांच्या, तपासणीचा रिपोर्ट आला असेल तर वाचून दाखवा. मग विचारा, ‘तात्या, कधी घ्यायची?’

विचारताना खरंच विचारा. तारीख आधीच ठरवून, छाटणीच्या मजुरांच्या टोळीला शब्द देऊन, नंतर त्यांचं मन राखायला विचारलंत तर त्यांच्या ते लगेच लक्षात येईल. त्यांची तारीख तुम्हाला पटली नाही तर पूर्वी घालायचात तसा वाद घाला. आजारी माणसाशी वाद घालायचा नाही असं आपल्याला वाटतं, पण ज्याच्या म्हणण्याला किंमत असते त्याच्याशीच आपण वाद घालतो, आणि हे त्यांना तुमच्याहून चांगलं कळतं.

मालकाचं काम हे एकच काम नसतं. फवारणीचा ब्लोअर चालवणं, वेलीखाली वाकून फिरणं, रात्री लाइट आली की मोटरीवर जाणं, हे त्यांच्याकडून गेलं. नजर, पारख, शब्द देणं-घेणं हे अजून शाबूत आहे. जे गेलं ते तुम्ही करा, जे आहे ते त्यांच्याकडे राहू द्या. औषधवाल्याच्या उधारीचा सगळा घोर त्यांच्या डोक्यावर घालायचा नाही, पण ‘एवढं देणं आहे, इतके आत्ता देतोय, बाकी बेदाणा विकल्यावर’ हे संध्याकाळी दोन मिनिटांत सांगता येतं. कधी ते म्हणतील, ‘तूच बघ, मला आता नको.’ त्या दिवशी आग्रह करू नका. घेतलेल्या आणि दिलेल्या अधिकारात फार अंतर असतं.

मजुरांचंही तसंच. ते तुम्हाला मालक म्हणतात यात वावगं काही नाही, पण तात्यांनी ते अजून जाहीर केलेलं नाही. टोळीच्या मुकादमाला छाटणीआधी घरी बोलवा. तात्यांच्या तोंडून त्याला सांगू द्या की यंदापासून व्यवहार पोराशी करायचा, आणि एकरी दरही त्यांनाच ठरवू द्या. तब्येतीनं साथ दिली तर छाटणीच्या दिवशी त्यांना गाडीतून बांधापर्यंत न्या, नारळ त्यांच्या हातून फुटू द्या. नाही जमलं तर मुकादमानं ओट्यावर येऊन त्यांच्या पाया पडून जावं. असं झालं की मजुरांनी तुम्हाला मालक म्हटलेलं त्यांना वेगळं ऐकू येईल, असं मला वाटतं.

कॅनडातल्या विनिपेग इथले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव यांनी शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी बोलण्याची एक पद्धत घडवली. माणसाला त्याच्या आयुष्याबद्दल थोडे प्रश्न विचारायचे, उत्तरं ध्वनिमुद्रित करून लिहून काढायची, त्याला वाचून दाखवायची, हवे ते बदल करायचे आणि ते कागद त्याच्या घरच्यांसाठी ठेवायचे. त्या प्रश्नांतला एक अगदी सरळ आहे: घरात, कामात, गावात तुम्ही कोणकोणत्या भूमिका केल्यात, त्यातल्या महत्त्वाच्या कोणत्या आणि त्यात काय साधलं असं तुम्हाला वाटतं? २००५ साली त्यांनी कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या १०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यातल्या ७६ टक्के रुग्णांनी आपला मान वाढल्यासारखं वाटलं असं सांगितलं. २०११ च्या मोठ्या चाचणीत मात्र मोजपट्टीवर रुग्णांचं दुःख इतर उपचारांपेक्षा जास्त कमी झालेलं दिसलं नाही. तरीही रुग्ण म्हणाले की घरच्यांची आपल्याकडे बघण्याची नजर बदलली. मला यातलं हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं. तात्यांनाही याहून वेगळं काही नकोय.

तुमच्या घरात यासाठी तज्ज्ञ लागणार नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून उशाशी ठेवा आणि विचारा: पहिली बाग कधी लावली? पैसे कुठून उभे केले? गारपिटीनं किंवा अवकाळीनं बाग गेली त्या वर्षी घर कसं चाललं? कुठला निर्णय बरोबर ठरला? दहा-पंधरा मिनिटं पुरे, दमले की थांबायचं. त्यांना सांगून रेकॉर्ड करा, चोरून नको.

आता आजार लपवण्याबद्दल. ज्या माणसाला काडी बघून वेलीत काय चाललंय ते कळतं, त्याला आपल्या शरीरात काय चाललंय हे कळलं नसेल असं मानणं कठीण आहे. बहुतेक घरांत असंच असतं: रुग्णाला माहीत असतं, घरच्यांना माहीत असतं आणि दोघं एकमेकांना सांभाळत गप्प बसतात. त्यात रुग्ण एकटा पडतो. एकदम बसवून सगळं सांगायची गरज नाही. विचारा, ‘तात्या, तब्येतीचं तुम्हाला काय वाटतंय?’ मग थांबा. ते म्हणाले, ‘यातून उठेन असं वाटत नाही,’ तर ‘असं बोलू नका’ हे वाक्य गिळून टाका. ‘डॉक्टरांनाही तसंच वाटतंय, तात्या. आम्ही आहोत इथं,’ एवढं म्हणा. आणि त्यांनी विषय बदलला तर तोही मान ठेवा. किती जाणून घ्यायचं हेही त्यांचंच ठरवणं आहे.

हे बोलणं झालं तर कागदपत्रांचं बोलता येईल, आणि ते त्यांनीच काढलेलं बरं. मृत्युपत्र साध्या कागदावर होतं, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार शक्यतो वाटेकरी नसावेत. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या कायदादुरुस्तीनं तुमच्या बहिणीचा हिस्सा तुमच्याइतकाच आहे. ती फक्त येऊन-जाऊन असणारी पाहुणी नाही, तिला या बोलण्यात घ्या. दिवसकार्य झाल्यावर हक्कसोडीचा कागद तिच्यापुढं सरकवण्यापेक्षा आज बापासमोर बोललेलं किती चांगलं. दुसरा कागद उपचारांचा. शेवटी आयसीयू, व्हेंटिलेटर हवा की घरीच राहायचं, हे लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. कोणाच्या शब्दावर डॉक्टरांनी चालावं, हेही तात्या त्यात लिहू शकतात.

आंघोळीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण ती लिहायला तुम्हाला जड गेली असणार. ज्या पोराला आपण न्हाऊ घातलं त्यानं आपले कपडे उतरवायचे, हे त्या पिढीतल्या बापाला फार अवघड असतं. ते डोळे मिटतात तेव्हा तुमच्यावर राग नसतो, तेवढा एकच आडोसा त्यांच्याकडे उरलेला असतो. म्हणून आडोसा द्या. कमरेवर पंचा राहू द्या, एका वेळी एकच भाग उघडा, हात लावायच्या आधी सांगा. तोंड, छाती आणि पंचाखालचं अंग त्यांचं त्यांना पुसू द्या, वेळ लागला तरी चालेल. त्या वेळी शेतातलं काहीतरी बोलत राहा, गप्प राहून उरकू नका. दाढीला त्यांचा नेहमीचा न्हावी घरी बोलवा. आणि भेटायला कोणी आलं की आधी त्यांना टोपी आणि शर्ट घालू द्या, तोवर पाहुण्यांना ओट्यावर बसवा. वर्षानुवर्षं गावानं त्यांना ज्या रूपात पाहिलंय त्याच रूपात त्यांना भेटायचं असतं.

आईंचं काय होतंय ते तुम्ही बरोबर टिपलंय. तात्या हयात आहेत, शेजारच्या खोलीत आहेत, आणि येणाऱ्या बायका आईंना आत्तापासूनच विधवा म्हणून बघू लागल्या आहेत. हे तुम्ही दारातच थांबवा. तुमच्या पत्नीनं किंवा बहिणीनं स्पष्ट सांगावं की इथं येऊन रडायचं नाही. दुसरी गोष्ट जरा धाडसाची आहे, पण तुमच्या शेजारच्याच जिल्ह्यात झालेली आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव केला की पती वारल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. आईंच्या मनात काय आहे ते तुमच्या बहिणीला एकांतात विचारू द्या. त्यांचीही इच्छा तीच असेल तर हे तात्यांनी स्वतः, भावकीतल्या दोन वडीलधाऱ्या माणसांसमोर सांगावं: ‘माझ्यामागं हिच्या कपाळाला हात लावायचा नाही.’ हे तुम्ही किंवा मी सांगून जे होणार नाही ते त्यांच्या एका शब्दानं होईल. नवरा म्हणून बायकोसाठी करण्यासारखं एवढं मोठं काम त्यांच्याकडे अजून शिल्लक आहे.

आणि आईंना थोडा वेळ नर्सच्या कामातून सोडवा. गोळ्यांचा तक्ता भिंतीवर लावा, दुपारच्या गोळ्या तुमच्या पत्नीनं द्याव्यात. आईंनी तेवढा वेळ नुसतं शेजारी बसावं. जेवणावरून त्या दोघांत रोज कुरबुर होत असेल, तर आईंना समजावून सांगा की या आजारात भूक जाते, शरीराला अन्न पेलत नाही. आग्रहानं भरवलं तर उलटी आणि ठसका लागतो. चमचाभर ताकही त्यांच्या हातचं असलं तरी पुष्कळ.

या सगळ्याच्या आधी एक तपासा. दुखणं आटोक्यात आहे का? असह्य दुखत असताना कुठलाच माणूस मालक नसतो, बाप नसतो, त्याला फक्त दुखणं असतं. लंडनमध्ये १९६७ साली बरे न होणाऱ्या रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स सांगत की वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची एकत्रच असते. तरी त्याही औषध वेळेवर आणि पुरेसं देण्यावर भर देत. साध्या गोळ्यांनी भागत नसेल तर मिरजेच्या डॉक्टरांना मॉर्फिनबद्दल विचारा. त्याची भीती बाळगू नका, कायद्यातल्या जाचक अटी २०१४ मध्ये सैल झाल्या आहेत. पुण्यात वारजे इथं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारी सेवा) सेंटर १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांसाठी विनामूल्य काम करतं. तिथं फोन करून सल्ला घ्या.

लिव्हरच्या आजारात पुढं कधीतरी तात्या गोंधळू शकतात. दिवस-रात्र कळणार नाही, असंबद्ध बोलतील. तसं अचानक झालं तर आधी डॉक्टरांना कळवा, कारण बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग किंवा औषधांमुळंही ते होतं आणि बऱ्याचदा उतरतं. अगदी शेवटच्या दिवसांत झालं तर ते बहुधा बागेतच असतील. ‘पाणी सोडलं का? वाल्व्ह फिरव,’ म्हणतील. तेव्हा ‘तात्या, तुम्ही घरात आहात’ असं पटवत बसू नका. ‘हो, सोडलं,’ म्हणा. त्याच्याही आधी असा काळ येईल की ते स्वतःहूनच एकेक गोष्ट सोडून देतील. रेट विचारणार नाहीत, पाऊस पडला तरी बाहेर बघणार नाहीत. त्या वेळी त्यांना पुन्हा मालकीत ओढू नका. काड्या घेऊन जायची वेळ आज आहे, तेव्हा नसेल.

आता तुमची झोप. पंधरा वर्षं ज्याची वाट बघितली ते मिळालं, आणि ते बापाच्या आजारपणातून मिळालं. त्यात आनंद मानला तर आपण वाईट ठरतो असं तुम्हाला वाटतंय. तुमचा राग खरा होता. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला औषधाच्या डब्यासाठी परवानगी मागायला लावणं बरोबर नव्हतं. तो राग असतानाही तुम्ही रोज त्यांना आंघोळ घालताय. दोन्ही एकाच मनात राहू शकतं. त्यांच्याकडून शाबासकी यावी अशी तुमची इच्छा असेल, तर ती कदाचित येणार नाही. त्या पिढीतले कितीतरी बाप ती जगासमोर देतात, पोराच्या तोंडावर देत नाहीत. तुम्हाला मात्र बोलता येईल. त्यांच्याकडून काय शिकलात ते एकदा त्यांना सांगा. नेमकं सांगा, अमुक वर्षी अमुक फवारणी थांबवायला लावली आणि बाग वाचली, असं. आणि मुकादमाशी ते बोलत असताना तिथंच बसून राहा. तुमच्याबद्दल जे म्हणायचंय ते त्याला म्हणतील.

मुलाला घरी आणा. पंधरा वर्षांच्या पोराला फोनवरच्या आवाजावरूनही घरात काहीतरी बिनसलंय हे कळतं, आणि नंतर ‘मला का सांगितलं नाही’ हा प्रश्न तो तुम्हाला कित्येक वर्षं विचारेल. आजाराचं नाव तुम्ही स्वतः सांगा, गावात कोणाकडून कळू देऊ नका. आजोबा आता कसे दिसतात, पिवळे पडलेत, पोट फुगलंय, फार झोपतात, हे घरी पोचण्याआधी गाडीतच सांगा. दहावी आहे म्हणून कायमचा आणू नका, शनिवार-रविवार पुरे, आणि होस्टेलच्या रेक्टरना व वर्गशिक्षकांना खरं कारण सांगून ठेवा. घरी आला की मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगचं काम त्याच्याकडे द्या. तुम्हाला जे प्रश्न विचारायला जड जाईल ते नातू सहज विचारेल, आणि तात्याही त्याला जास्त मोकळेपणानं सांगतील. येत्या शनिवारीच आणा, सहामाही संपायची वाट बघू नका.